टोळीतल्या कोण कोण?

“ह्या तर आपल्या टोळीतल्या बायांवानीच हायेत की!” आप्पासाहेब माईकवर म्हणाले, आणि सगळा मांडव हसला.

संस्थेचे अध्यक्ष बोलले की शेवगावजवळच्या त्या कॉलेजात हसायचंच असतं. त्यामुळे त्यांना आणखी चेव आला.

“परदेशी मॅडम येनार म्हनल्यावर मला वाटलं, कोनी गोरीपान बाई उतरंल गाडीतून. ह्यांच्या हातात कोयता दिला, तर उद्याच ऊस तोडायला फडात उतरतील!”

पुन्हा हशा.

डॉ. मर्टल हेन्री मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. जमैकातल्या विद्यापीठात गणिताच्या प्रमुख, त्या पदावरच्या पहिल्या बाई. ही ओळख यशोधरेनं मघाशीच करून दिली होती, पण तेव्हा आप्पासाहेब मोबाईलवर बोलत होते. बाईंच्या जाड वेण्यांवर फेटा बांधताना फेटेवाल्याला घाम फुटला होता. तो फेटा आता एका कानावर उतरला होता, आणि लोक का हसतायत ते न कळून बाईही हसत होत्या.

भाषांतराचं काम यशोधरेकडे होतं, दुसरा माईक तिच्याच हातात होता. तासावर इंग्रजी शिकवणारी बाई ती. कायमच्या जागेची मुलाखत सोमवारी, आणि मुलाखत घेणार आप्पासाहेबच. प्राचार्य तिच्याजवळ सरकले.

“स्वागत केलं म्हणून सांगा, बस्स. सोमवार लक्षात ठेवा.”

“अध्यक्ष आपलं मनापासून स्वागत करतात,” यशोधरा इंग्रजीत म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या निकितानं झटकन मान वर केली. तिसऱ्या वर्षाची पोर, हॉस्टेलवर राहणारी, दोन्ही भाषा समजणारी. भाषांतरात पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही, असं वर्गात घसा फोडून कोण सांगायचं? हीच यशोधरा मॅडम!

डॉ. हेन्री हसायच्या थांबल्या. “स्वागताला एवढं हसतात?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “ते जे म्हणाले, तेच मला सांगा.”

आवाजात राग नव्हता. पण असलं हसू ह्या बाईंनी आधीही ऐकलंय, हे यशोधरेला त्या आवाजावरूनच कळलं.

प्राचार्य खोकले. समोर निकिता पापणी न लववता बघत होती. मरू दे तो सोमवार, यशोधरेनं मनाशी म्हटलं, आणि शब्दाला शब्द लावून सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. गोरीपान बाई, टोळी, कोयता, फड. काही म्हणता काही गाळलं नाही.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. आप्पासाहेबांचं आणि इंग्रजीचं कधीच जमलं नव्हतं, ते आपले कौतुकानं मान डोलवत होते.

डॉ. हेन्रींनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि त्या उभ्या राहिल्या. त्या सावकाश बोलत गेल्या, आणि यशोधरा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

“त्या म्हणतात, अध्यक्षांनी बरोबर ओळखलं. त्यांची आई उसाच्या टोळीतच होती. आजीसुद्धा. शाळा सुटली की त्या स्वतः आईच्या मागं मोळ्या बांधायच्या. पाचट डोळ्यात गेल्यावर कसं खुपतं, ते त्यांना अजून आठवतं.”

“बघा! म्हनलं न्हवतं मी?” आप्पासाहेबांनी मांडी थोपटली.

“त्या म्हणतात, मी इथं गणितावर बोलायला आलेय. पण आधी मला टोळीतल्या मुलींना भेटायचंय. तुमच्यात टोळीतल्या कोण कोण आहेत? हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही.

यशोधरेला माहीत होतं, निम्म्या पोरींचे आईबाप पाथर्डीकडून दरसाल ऊसतोडीला कारखान्यावर जातात. निकिताचेही. पण त्याच गोष्टीवर आत्ता सगळे हसले होते, आणि हसणाऱ्यांत ह्या पोरीही होत्या. आता कोण कशाला हात वर करील? निकितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली.

यशोधरेला तिचा राग आला नाही. ‘आईवडील शेती करतात’ असं यशोधरेनं स्वतःही कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कसली शेती! टोळीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता, आणि तिच्या आईबापांचा तो कोयता ह्या घटकेलाही कुठल्यातरी फडात चालला असणार.

डॉ. हेन्री थांबून राहिल्या होत्या. पोरींना प्रश्न समजला नाही की काय, म्हणून त्यांनी यशोधरेकडे बघितलं.

यशोधरेनं माईक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.

“आवो मॅडम, तुमी न्हाई!” आप्पासाहेब खो खो हसले. “टोळीतल्या पोरींना इचारलंय त्यांनी.”

ह्या वेळी त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही.

“प्रश्न कळलाय मला, आप्पासाहेब,” यशोधरा माईकवर म्हणाली. हात वरच होता.