कोणत्या गाण्याची भीती?

संगीत ऐकून भीती का वाटते, यावर संशोधन करणाऱ्या मुलीच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘तुम्हाला कोणत्या गाण्याची भीती वाटते?’ एवढंच तिने विचारलं होतं. मला संगीतातलं काय कळतं, म्हणून उत्तरासाठी तिने सोबत पाठवलेलं कोरं पोस्टकार्ड पुस्तकात खुणेला ठेवलं. आज सकाळी बायको घरामागच्या जंगलात मोहफुलं वेचत होती. वाघाने दूर राहावं म्हणून ती मोठ्याने गाते. अंगणात मी पुस्तकातली एकच ओळ पुन्हापुन्हा वाचत होतो. गाणं मधेच थांबलं. मी अनवाणी धावलो. मोहाखाली ती निवांत तंबाखू चघळत बसली होती. “काऊन जी, धावून राह्यले? खर्रा टाकला तोंडात. एरवी तं मले बेसूर म्हणता.” “गात राह्य,” मी म्हणालो. घरी येऊन कार्डावर लिहिलं, ‘मधेच थांबणाऱ्या’, आणि बायकोचं गाणं ऐकू येतंय तोवर ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.