डावखुरी गाठ

वेल्डरची बायको डावखुरी होती. सुट्टीच्या दिवशी पुलावरून पाण्यात लोहचुंबक टाकून गंजलेलं लोखंड वर काढायचं, हा दोघांचा नाद. फेकायचं त्याने, दोराची गाठ मारायची तिने. घरी आल्या आल्या ती गाठ सोडायची, चुंबक पुसून त्याला तेलाचा हात लावायची. "ओली गाठ ठेवली की दोर कुजतो," हे तिचं नेहमीचं पालुपद.

ती याच पाण्यात गेली. त्यानंतर सगळं तोच करायचा, अगदी तिच्यासारखं. फक्त गाठ उजव्या हाताची.

आज दोर चुंबकाच्या कडीत ओवला आणि गाठ मारायचीच राहिली. फेकताच चुंबक निसटून बुडाला. त्याने कपाळावर हात मारला.

"बघितलंस? तुझ्यावाचून माझं हे असं होतं गं."

तो मोकळा दोर गोळा करू लागला. दोर जड लागला.

चुंबक वर आला. कडीत गाठ होती, डाव्या हाताची, करकचून आवळलेली.

ती सोडायला त्याची बोटं धजेनात. कठड्याला बांधलेलं दुसरं टोक त्याने सोडलं, आपल्या मनगटाभोवती गुंडाळलं आणि डोळे मिटले.

"ही पण तूच मार."

मनगटावर ओली बोटं फिरू लागली, डावीकडून.