डोळे सरावेपर्यंत

"पडदा उतरवा," हॉल सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "संध्याकाळी नाटक आहे."

"हा पडदा नाही," सुईताई म्हणाल्या.

संग्रहालयातली जुनी कापडं त्या दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना सुईताईच म्हणत. त्यांनी दुरुस्त केलेलं एक जुनं चितारलेलं कापड मागच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत लटकत होतं. एवढी उंच भिंत साऱ्या संग्रहालयात एकच, या हॉलची. सकाळी टांगतील आणि दुपारी गुंडाळतील, असं समजून हॉलच्या बाईंनी एकाच दिवशी दोघांना हॉल देऊन टाकला होता. हॉलचं कामच तसं होतं. सकाळी शाळेची मुलं जमिनीवर बसून मातीची भांडी करत, दुपारी भिंतीत सरकवलेल्या खुर्च्या बाहेर ओढून कुणाचं तरी व्याख्यान होई, संध्याकाळी नाटक.

"गुंडाळायला असा किती वेळ लागतो?"

"उद्यापर्यंत हात लावायचा नाही. धागे अजून स्वतःचं वजन पेलायला शिकतायत."

"मग कापडासमोरच करू नाटक."

"करा की. पण दिवे दोनच. तेही लहान, जमिनीकडे तोंड करून. रंग उडाला तर आणायचा कुठून?"

शिडीवर बसलेला दिवेवाला हसला. "दोन दिव्यांत कुणी जेवायलाही बसत नाही, ताई."

बाई हसल्या नाहीत. संचालकसाहेबांनी कालच बजावलं होतं, "इथे सगळंच होतं, म्हणजे धड काहीच होत नाही. उद्याचा खेळ मी बघतो. रद्द झाला किंवा लोक अर्ध्यातून उठले, तर परवापासून इथे गोदाम." बाहेरच्या वऱ्हांड्यात लाकडी खोकी आणूनही ठेवली होती.

दोघींची चांगलीच जुंपली. बाई अंगणातल्या उन्हातून आत आल्या होत्या. त्यांना सुईताईंचा चेहराही धड दिसत नव्हता, नुसताच आवाज टोचत होता. बोलता बोलता बाई मधेच थांबल्या.

"तो घोडा आहे का?"

"कुठला?"

"वर, डावीकडे. मघाशी नव्हता."

"मघाशीही होता. तुमचे डोळे नव्हते."

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग दिवेवाल्याला म्हणाल्या, "खाली उतर. दोनच दिवे. आणि लोकांना लवकर आत घ्यायचं."

नाटकात एकच नट होता. म्हाताऱ्या नटाने हे ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "माझा चेहराच दिसणार नाही, मग लोक बघणार काय?"

"काका, तुमचा आवाज बस झाला," दिवेवाला म्हणाला. "पलीकडच्या दालनातले पुतळेसुद्धा कान झाकून घेतात."

संध्याकाळी लोक चाचपडत आत आले. वीज गेली का, असं कुणी विचारलं. नाटक आहे की झोपायला बोलावलंय, असं कुणी पुटपुटलं. संचालकसाहेब कडेच्या खुर्चीवर बसले, उठायला सोपं जावं म्हणून. बाई दारापाशी उभ्या राहिल्या. शेजारी सुईताई, हातात प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन.

नटाने सुरुवात केली. भावाशी भांडून घर सोडलेल्या माणसाची गोष्ट होती. आवाज नेहमीसारखाच दणदणीत. खोकणं, कुजबुज, खुर्च्यांची कुरकुर चालूच होती. ती केव्हा थांबली, ते बाईंच्या लक्षात आलं नाही.

भिंत उजळत होती. दिवे तेवढेच होते, तरी उजळत होती. आधी एक फिकट पट्टा दिसला, ती नदी होती. मग काठावरचे खूर, मग घोडे, मग घोड्यांमागे माणसं. डोक्यावर बोचकी घेतलेली, खांद्यावर लेकरं घेतलेली, एकमेकांना हात देणारी. बघावं तिथे आणखी माणसं उमटत होती, पार छतापर्यंत, आणि सगळी एकाच दिशेने चालली होती.

"आई, संपतच नाहीत गं ती," एक मुलगी म्हणाली. तिला कुणी गप्प केलं नाही.

आपल्याकडे कुणीच बघत नाही, हे नटाला कळलं. तो मागे वळला. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

बाईंनी साहेबांकडे बघितलं. हा आता विसरला, आता लोक उठणार. कडेची खुर्ची करकरली.

नट हळूच खाली बसला, प्रेक्षकांकडे पाठ करून. मग त्याने तुटलेलं वाक्य पुन्हा हातात घेतलं, पण अगदी हलक्या आवाजात. भावाची गोष्ट तो आता त्या कापडावरच्या माणसांना सांगत होता. शेवटच्या रांगेतले लोक पुढे वाकले. उठलं कुणी नाही.

सुईताईंचा यंत्र धरलेला हात खाली आला होता. केस काळे होते तेव्हापासून हे कापड त्यांच्या टेबलावर होतं. वीतभर उघडं, बाकीचं गुंडाळलेलं. सकाळी टांगतानाही त्यांचं लक्ष टाक्यांवरच होतं.

"एवढी माणसं होती?" त्या बाईंच्या कानाशी म्हणाल्या. "मी तर एकेकालाच ओळखत होते."

नाटक संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत. हॉलचे दिवे लावू का, असं दिवेवाल्याने खुणेने विचारलं. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. लोक खुर्च्यांच्या पाठी चाचपत, एकमेकांना धरत बाहेर पडले.

साहेब सगळ्यांच्या शेवटी उठले. ते काय म्हणतात, याकडे बाईंचे कान लागले होते. पण ते तोंड कापडाकडे ठेवून एकेक पाऊल मागे येत राहिले. दाराची चौकट पाठीला लागली, तेव्हा त्यांनी हात मागे नेऊन कडी शोधली, पण वळले नाहीत.