फोटोतला माणूस

झोपेइतकं मोठं औषध जगात नाही, असं कारखान्याचे डॉक्टर नेहमी सांगायचे. ते खरंच निघालं. निवृत्तीनंतर तीन महिने रखवालदारकाका रोज रात्री आठ-आठ तास झोपले, आणि आज त्यांच्याच सत्काराला त्यांनाच फाटकावर अडवण्यात आलं.

फाटकावर नवा रखवालदार होता. त्याने काकांचं ओळखपत्र उजेडात धरलं, मग तिरकं धरून पाहिलं. फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या पिशव्या लोंबत होत्या, गाल चुरगळलेल्या कागदासारखे. समोरच्या माणसाची कातडी तुकतुकीत.

"हे तुमचे थोरले भाऊ का?"

काकांनी समजावलं, की तीस वर्षं रात्रपाळी केली, आणि दिवसाची झोप म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये मिळेल तेवढी. नव्या रखवालदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. चेहरा जुळत नसल्यास प्रवेश नाही. पाटी काकांच्याच अक्षरात होती.

साक्षीला बरोबर आलेल्या काकू पुढे झाल्या. त्यांनी आधी फोटो पाहिला, मग नवरा.

"आवाज ह्यांचाच आहे," त्या जपून म्हणाल्या. "चेहऱ्याचं म्हणाल, तर तीस वर्षं मी ह्यांना तोंडावर पांघरूण घेतलेलंच पाहिलंय."

आता काकाही गोंधळले. त्यांनी फोटो हातात घेतला. चेहरा ओळखीचा होता, अगदी आत्ताच कुठेतरी पाहिलेला. त्यांनी मान वर केली. त्याच पिशव्या, तेच गाल. त्यांची नजर कुठे खिळली ते पाहून नव्या रखवालदाराने चौकीतल्या आरशात डोकावलं, परत फोटोत पाहिलं आणि तो चपापला.

"काका, हा तर मी आहे."

काकूंनी मान डोलावली. एवढं मात्र त्यांना पटलं.

तेवढ्यात आतून लाउडस्पीकर बोलला, तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा करणारे आपले काका फाटकापर्यंत आल्याचं कळतं, त्यांनी कृपया मंचावर यावं. टाळ्या सुरू झाल्या. नव्या रखवालदाराने घाईघाईने फाटक उघडलं. काकांनी पाऊल उचललं, तोच त्याने हळूच त्यांची बाही धरली.

"रात्रीपासून मी एकटाच आहे, बदलीचा माणूस आलाच नाही. पाच मिनिटं या खुर्चीत बसता का काका? मी जरा पडतो."