कडू घास

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं, तेव्हा सावेरिओने आधी टेबलावरचा कपडा सरळ केला, खुर्च्या पुढे ओढल्या आणि मगच दार उघडलं.

दारात नुन्झियामावशी उभी होती. शेजारची, ऐंशीची. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. कोंबडीचा रस्सा आणि त्यात खिम्याचे बारीक गोळे. वासावरूनच कळत होतं. दोन दिवस तो याच आवाजाची वाट पाहत बसला होता. दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या त्या डोंगरगावात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात, स्वतः वाढतात आणि रडणाऱ्याला बळेबळे खाऊ घालतात. दोनातो गेला, आणि दोघांच्या घरातली चूल सावेरिओने बंद ठेवली. कॉफीसुद्धा केली नाही. पण एकही पातेलं खाली त्याच्या दारी आलं नाही. सगळी वरच्या गल्लीत, दोनातोच्या बहिणीकडे, एर्मिनियाकडे गेली.

"ये ना मावशी, आत ये."

"आत कुठे रे बाबा! गुडघे बघ माझे. वरच्या गल्लीच्या पायऱ्या काही चढवत नाहीत आता. म्हटलं, तू मोकळाच असशील. एवढं एर्मिनियाकडे पोचवतोस?"

तिने पातेलं पुढे केलं.

"आणि नुसतं ठेवून पळू नकोस हं. माझ्या वतीने वाढ. तिच्या म्हाताऱ्या आईने तीन दिवस तोंडात काही घेतलं नाही म्हणतात. चार घास तरी भरव."

नुन्झियामावशी वाईट बाई नव्हती. दोनातोची बातमी कळली तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली होती. पण रडणं वेगळं आणि रीत वेगळी. गावाच्या लेखी सावेरिओ अठ्ठावीस वर्षं दोनातोचा भाडेकरू होता. त्या घरात पलंग एकच आहे, हे पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गाव त्यावर कधी चकार शब्द बोललं नाही, आणि यालाच आपला चांगुलपणा समजत आलं.

त्याने पातेलं घेतलं. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. पायऱ्या चढताना रश्शाचा वास नाकात जात होता. अशा वेळी भूक लागते याची त्याला लाज वाटली.

एर्मिनियाच्या घरात काळ्या कपड्यातल्या पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याला पाहून कुजबुज थांबली. एर्मिनिया पुढे आली, बावरली. मग तिची नजर पातेल्यावर गेली आणि चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"कुणाकडून?"

"नुन्झियामावशीकडून."

"बरं झालं. ठेव इथे. मी वाढते, तू जा हवं तर."

"मीच वाढतो," सावेरिओ म्हणाला. "तिने तसं सांगितलंय."

टेबलाच्या टोकाला दोनातोची आई बसली होती. नव्वदीची, वाळून काडी झालेली; गाव तिला मानाने दोन्ना म्हणायचं. अठ्ठावीस वर्षांत ती एकदाही खालच्या घरी आली नव्हती. सावेरिओने तिच्या पुढ्यात ताटली ठेवली आणि शेजारी बसून चमचा भरला.

"दोन घास घ्या, दोन्ना फिलोमेना."

म्हातारीने तोंड फिरवलं.

"किती विनवलं आम्ही," भिंतीकडची एक बाई म्हणाली. "ऐकतच नाहीत."

चमचा तसाच धरून सावेरिओ बसला. बऱ्याच वेळाने म्हातारी त्याच्याकडे वळली. हळूच म्हणाली,

"शेवटी काय जेवला रे तो?"

एर्मिनिया पटकन म्हणाली, "आई, अगं, त्याला कसं माहीत असणार?"

"बटाट्याचं सूप," सावेरिओ म्हणाला. "दोन वाट्या. मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडला. म्हणाला, इतक्या वर्षांत तुला चिमूट कळली नाही."

म्हातारीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "लहानपणापासून तसाच. मिठाशिवाय घास उतरायचा नाही," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

एकेक चमचा करत तिने सगळी ताटली संपवली. सावेरिओने तिची हनुवटी पुसली. भिंतीकडच्या बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला.

मग म्हातारीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घरचं माणूस असलं की म्हणतात, "बस, तूही जेव." तीनच शब्द. तेवढे तिने म्हटले असते तर तो तिथेच, या सगळ्या बायकांसमोर, ढसाढसा रडला असता, त्याच ताटलीत जेवला असता आणि जन्मभर दुसरं काही मागितलं नसतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडच्या बायकांकडे.

आणि कडू घास घेऊन आलेल्या परक्या माणसाला जो आशीर्वाद द्यायचा असतो, तो तिने दिला.

"देव तुझं भलं करो, बाळा. तुझ्या घरावर अशी वेळ कधी न येवो."

खोलीत सगळे थांबले होते. वाढणाऱ्याने यावर काय म्हणायचं, तेही ठरलेलं असतं.

"आमेन, दोन्ना फिलोमेना," सावेरिओ म्हणाला.