दुपारची टोपली

म्हातारी जिवंत आहे तोवर घराला हात लावायचा नाही, आणि ती गेली की महिन्याभरात तळमजल्यासकट सगळं रिकामं करायचं, हा नियम तुम्ही घरमालकांनीच केलात. मग लिस्बनच्या या गल्लीत माणसं मरण लपवायला शिकली, तर बोट कुणाकडे दाखवता?

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी, दोना एतेलविना, नोव्हेंबरात लांबच्या गावी भाचीकडे गेली आणि तिथेच वारली. तिथेच पुरली. भाडेपट्टा तिच्या नावावर, आणि त्याच पट्ट्यावर खाली देओलिंदाची खानावळ. आता जून लागला, तरी रोज एक वाजता तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोराला बांधलेली टोपली खाली येई. देओलिंदा तीत पाव, सूप, वाइनची लहान बाटली ठेवी. टोपली वर जाई. पडद्याआड दोर ओढायला देओलिंदाचाच नवरा झेफेरीनो बसलेला असे.

त्या दुपारी खानावळीत एक प्रवासी आला. पन्नाशीचा, गळ्यात कॅमेरा, हातात वही.

"कॅनडाहून आलोय. इथलं खाणंपिणं बघत फिरतोय. काय आहे आज?"

"सार्डिन. जून महिन्यात दुसरं काय मागणार?"

कोपऱ्यातला अनिबाल न्हावी तिला हळूच म्हणाला, "चार दिवस समोरच्या पायऱ्यांवर बसून खिडकीकडे बघतोय. मालकाचा माणूस आहे. लिहून देतो."

"आधी लिहायला शीक, मेल्या."

पण शेगडीवरचे मासे उलटताना तिची नजर त्याच्या वहीवर होती.

परदेशी लोक काटा-सुरी मागतात आणि काटे उपसत बसतात. यानं मासा पावाच्या जाड तुकड्यावर ठेवला, बोटांनी खाल्ला, आणि तेल प्यायलेला तो पाव सगळ्यात शेवटी तोंडात टाकला. डोळे मिटून.

कॅनडाचा म्हणे!

"पुस्तकात वाचलं होतं," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

लाल वाइनचा दुसरा चंबू संपत आला. वहीत एक ओळ उमटली नव्हती.

"वर कोण राहतं?"

"दोना एतेलविना. चौऱ्याऐंशीची. जिना उतरवत नाही तिला."

"तब्येत?"

"ठणठणीत! कालच मला शिव्या घातल्या, सुपात मीठ जास्त पडलं म्हणून."

तो हसला. हसता हसता मान खाली घातली. "फार रागीट आहेत का?"

हा सापळाच. भांडकुदळ भाडेकरू म्हणून नोंद करायची असणार.

"छे! देवमाणूस. राग असलाच तर एका मालकावर."

"तो तर आम्हा सगळ्यांचाच," अनिबाल म्हणाला. देओलिंदानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तोंड पेल्यात घातलं.

एक वाजला. टोपली आली. देओलिंदा सूप घेऊन दारात जाते तोवर प्रवासी तिथे उभा. टोपलीच्या कडीवरची गाठ तो बोटांनी चाचपत होता. दोर रोजच्या वापरातला आहे का, हे तपासत असणार.

"गाठ पक्की आहे," तो म्हणाला.

"आम्ही या गल्लीत आलो त्याच्याही आधीची. म्हातारी सोडू देत नाही कुणाला. तुम्ही बाजूला व्हा, सूप सांडेल."

त्यानं वहीतून घडी घातलेला कागद काढला आणि पावाखाली सरकवला.

"हे काय?"

"त्यांच्यासाठी. उत्तर त्यांच्याच हातचं हवंय. मी थांबतो."

म्हातारीची सही! मालकाला तेवढीच हवी होती. देओलिंदानं हात घातला, पण वर झेफेरीनोला काय ठाऊक? त्यानं रोजच्यासारखा दोर ओढला. टोपली तिच्या बोटांना घासून गेली.

पडदा हलला नाही. अनिबाल दारात येऊन उभा राहिला, पेला तसाच हातात. प्रवासी टोपी छातीशी धरून वर बघत होता.

बऱ्याच वेळानं टोपली खाली आली. सूप तसंच. बाटली तशीच. पावावर उघडलेला कागद.

देओलिंदानं तो झडप घालून उचलला आणि पाठ फिरवून वाचला.

'आई, ही गाठ मी पहिल्या बोटीवर जायच्या आदल्या दिवशी बांधली होती. बापाच्या मातीलाही आलो नाही, म्हणून तेहतीस वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. खाली उभा आहे. वर येऊ का? हो की नाही, एवढं तरी सांग.'