अबुंदियोचा सराव

ग्वायाकीलच्या आमच्या गल्लीत अबुंदियो न्हावी पहिल्यांदा पळताना दिसला, तेव्हा त्याच्यामागे चोर लागलाय असं समजून सगळे काठ्या घेऊन बाहेर आले.

"कोण आहे रे मागे?" सोइला मावशीने विचारलं.

"कोणी नाही मावशी. मॅरेथॉनची तयारी करतोय," तो धापा टाकत म्हणाला.

"मग जरा हसऱ्या तोंडानं पळ. आमचा जीव घेशील."

हळूहळू गल्लीला त्याची सवय झाली. मग एका सकाळी दोन लुटारू खरोखरच त्याच्या मागे लागले. पळता पळता ओरडण्याइतका दम अजून त्याच्या छातीत आला नव्हता.



"आज सोबत मिळाली वाटतं," मावशी कौतुकाने म्हणाली आणि मागच्या दोघांनाही तिने पाणी दिलं.